चोवीस तासांत 'हो' म्हणा, नाहीतर ऑफर गेली!

भाच्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला, 'टॉप टॅलेंट खेचून आणण्याचे पाच मंत्र'. खाली त्याची ओळ: "मावशी, वाच. आम्ही हेच करतोय." पोरगा नुकताच टीम लीड झालाय, प्रोग्रामरच्या दोन जागा भरायच्यात. मी वीस वर्षं भरतीचं काम केलं म्हणून मत विचारत होता म्हणे. खरं तर शाबासकी हवी होती.

चौथ्या मंत्रापासून सुरुवात करते, कारण तो त्याने वापरूनही झालाय. 'ऑफर दिल्यावर विचाराला फक्त चोवीस तास द्या, म्हणजे उमेदवार दुसरीकडे फिरकणार नाही.' ज्याच्यामागे चार कंपन्या लागल्यात, तो दबावाखाली काय करतो? मुकाट्याने 'हो' म्हणतो आणि बाकीच्या तिघांशी बोलणं चालूच ठेवतो. भाच्याच्या उमेदवाराने तेविसाव्या तासाला होकार कळवला. जॉइनिंगच्या दिवशी खुर्ची रिकामी, फोन बंद. तोवर यांनी दुसऱ्या पसंतीच्या मुलीला नकार कळवून टाकला होता.

घाई हवी, हे मात्र मान्य. पण ती आपण करायची. शेवटच्या इंटरव्ह्यूनंतर तीन आठवडे साहेबांच्या सहीसाठी फाइल पडून, आणि उमेदवाराला एक दिवस! त्याला सरळ विचारावं, बाकीच्यांची उत्तरं कधी येणार आहेत? मग दोघांनी मिळून तारीख ठरवावी. आणि होकारानंतर नोटीस पिरियडभर गप्प बसू नये, अधूनमधून फोन करावा. जुन्या कंपनीची 'थांब, पगार वाढवतो' अशी काउंटर ऑफर त्याच दिवसांत येते.

तिसरा मंत्र, 'प्रतिस्पर्ध्याचा स्टार पळवा, त्याचं यश आपोआप तुमच्याकडे येईल.' आपोआप! हार्वर्डच्या बोरिस ग्रॉयसबर्ग आणि सहकाऱ्यांनी वॉल स्ट्रीटवरच्या १,०५२ नावाजलेल्या शेअर विश्लेषकांची १९८८ ते १९९६ या काळातली कामगिरी तपासली. कंपनी बदललेल्यांपैकी ४६ टक्के लोकांचं पुढचं वर्ष वाईट गेलं. कामगिरी सरासरी सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि पाच वर्षांनीही पूर्वीच्या पातळीवर आली नव्हती. जे आपल्या टीमसकट गेले, त्यांचं त्यामानाने बरं चाललं. शेअर विश्लेषक म्हणजे प्रोग्रामर नव्हे, कबूल. पण अडलं की कुणाला विचारायचं, कुठली फाइल कुठे सापडते, कोण आपली चूक वेळेत पकडतं, हे सगळं जुन्या ऑफिसातच राहतं. माणूस एकटाच येतो.

'दुप्पट पगार द्या, बाकी काही लागत नाही' हा पहिला. अर्धा खरा. बाजारभावापेक्षा कमी देऊन चांगला माणूस मिळत नाही. पण नव्याचा आकडा शेजारच्या खुर्चीवरच्या जुन्याला कळतोच, आणि मग त्याचा राजीनामा येतो.

दुसरा, 'इंटरव्ह्यूत अवघड कोडी घाला.' ज्या गूगलचं उदाहरण देऊन लोक कोडी घालतात, तिथले तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीर सांगितलं की हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं, एवढंच. त्यापेक्षा रोजच्या कामातला एक तुकडा करायला द्या आणि सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारा.

पाचवा मंत्र फुकट जेवण आणि बीनबॅगचा आहे. त्यावर काय लिहायचं?

भाच्याला म्हटलं, त्या दुसऱ्या मुलीला फोन कर. "आता कुठल्या तोंडाने?" म्हणाला. म्हटलं, याच तोंडाने. आणि या वेळी तिला आठवडाभर दे.