विरोधी पॅनलच्या पोरीवर जीव जडला असेल तर

गावात प्रेमाला तसा कोणाचा विरोध नसतो, विरोध असतो तो बेरजेला. पोरगी कोणाची, तिच्या घरात मतं किती, भावकी कुणीकडे झुकते आणि मागच्या खेपेला तिच्या बापानं तुमच्या बापाची सीट किती मतांनी पाडली, एवढं आधी पाहिलं जातं. दोघांना एकमेकं आवडतात का, हे विचारायचं बहुतेक वेळा राहूनच जातं. तेव्हा गुलाब, शायरी वगैरे माल तालुक्याच्या कॉलेजातल्या पोट्ट्यांसाठी ठेवा. तुम्ही मतदार यादी आणा. तिचं नाव, वय, बापाचं नाव आणि घर क्रमांक सगळं छापील मिळेल. फोटोवरून मात्र ती ओळखू येणार नाही, त्या फोटोत सगळं गाव सारखंच दिसतं.

या लेखापुरतं आपण गाव दीड ते तीन हजार वस्तीचं धरू. म्हणजे ग्रामपंचायतीत सदस्य 9, आणि सरपंच थेट जनतेतून, वेगळा. वस्ती 1500 च्या आत असेल तर सदस्य 7 होतात, 7500 च्या वर गेली तर 17. सतरा जागांच्या गावात शक्यतो प्रेमात पडू नका. तिथं पॅनल चार-चार पडतात, सकाळचा विरोधक संध्याकाळी आपल्याच ओसरीवर पोहे खात बसलेला असतो, आणि पोरगी नेमकी विरोधी आहे की नाही हे मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही.

जात वेगळी असेल तर हा लेख इथंच मिटवा आणि सरळ जिल्ह्याच्या विवाह नोंदणी अधिकाऱ्याकडे जा. 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, 30 दिवसांची नोटीस आहे आणि तीन साक्षीदार लागतात. ही नोटीस कचेरीच्या फलकावर लागते. एरवी त्या फलकाकडे कुत्रं पाहत नाही. तुमची नोटीस लागली की पहिल्याच दिवशी ती अख्खं गाव वाचून येतं.

आता मुहूर्त. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघेपर्यंत तोंडातून शब्द काढू नका. शाळेतल्या एखाद्या लेकराच्या हातानं चिठ्ठी निघते, आणि त्या लेकराला कल्पनाही नसते की आपण किती संसार मांडून ठेवले. पद महिलेसाठी सुटलं तर उपास-तापास फळले म्हणा. कारण आता तिची आई उभी राहणार, बाप पाया पडत फिरणार, आणि बॅनरवर आईचा फोटो पासपोर्टाएवढा अन् बापाचा हातभर छापला जाणार. पण फॉर्म कोण भरणार? शपथपत्र कोण वाचणार? खर्चाची वही कोण लिहिणार? घरात शिकलेलं माणूस एकच, आणि तिच्यावरच तुमचा जीव जडलेला आहे.

धोका तुमच्या घरात आहे. सुटलेल्या प्रवर्गाची बाई घरात नसली की बाप मोठ्यानं विचार करू लागतो, आणि त्या विचाराचा शेवट तुमच्या लग्नाशी होतो. आठ दिवसांत भलतीच सून उंबरठ्यावर उभी राहू शकते. अशा वेळी नियम पुढे करा. लग्नाला पोरगी 18 ची चालते, उमेदवारीला 21 ची लागते, आणि नाव आधीपासून गावाच्या यादीत असावं लागतं. यादीची तारीख उलटून गेली असेल, तर आणलेली सून भाकरी थापण्यापलीकडे पॅनलच्या कामाची नाही, हे बापाला शांतपणे समजावून सांगा. निवडणूक नसती तर एवढं सरळ बोलण्याची हिंमत तुमच्यात कुठून आली असती!

पहिली भेट तहसीलला होईल. फॉर्म 11 ते 3 घेतात. तुम्ही काकूची फाइल घेऊन गेला असाल, ती आईची. फाइलमध्ये जातीचा दाखला, पडताळणीचं प्रमाणपत्र किंवा अर्जाची पोच, घरात संडास असून वापरात असल्याचं कागदपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या लेकरांचं घोषणापत्र. हा शेवटचा कागद जपून. कितीतरी मातब्बर पॅनलप्रमुख तिसऱ्या लेकरापायी घरी बसले आहेत, आणि ते लेकरू मोठं होऊन त्याच पॅनलचे झेंडे लावत फिरतं. घरपट्टी मात्र आदल्या दिवशी भराच. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पट्टी भरली नाही तर छाननीत विरोधक तेवढ्याच मुद्द्यावर फॉर्म उडवतात. आणि तो मुद्दा शोधून काढणारी बहुतेक तीच असेल, हे मनाला लावून घेऊ नका. तिनं तुमच्या घराचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीची नोंद, उघडून पाहिला, याचा अर्थ ती तुमच्या घराचा विचार करते.

फॉर्म ऑनलाइन भरून त्याची प्रिंट द्यायची असते. दुपारी बाराच्या सुमारास सर्व्हर झोपतो. तुमच्या पॅनलचे लोक शिव्या घालतील, तुम्ही मान हलवत राहा आणि मनातून देवाचे आभार माना. सर्व्हर झोपल्याशिवाय विरोधी पॅनलच्या पोरीशेजारी तीन तास उभं राहायला दुसरा कोणता बहाणा मिळणार?

प्रचाराच्या दिवसांत मोबाइलवर काहीही पाठवू नका. कापूस वेचून दमलेला माणूस रात्री डोळे मिटत मिटत पॅनलच्या ग्रुपवर काय टाकेल याचा नेम नसतो. त्यातल्या त्यात हुशार पोरं मतदार चिठ्ठीचा मार्ग धरतात. चिठ्ठीवर अनुक्रमांक, प्रभाग, खोली नंबर लिहायचा आणि पाठीमागं बारीक अक्षरात आपला मजकूर. यात एक गोची आहे. एका घराच्या सगळ्या चिठ्ठ्या एकाच गठ्ठ्यात जातात आणि वाटणारा घरातला कर्ता असतो. तिचा अनुक्रमांक 412, आजीचा 411. आजी आपल्या हाती आलेली चिठ्ठी बटव्यात सुपारीजवळ जपून ठेवते आणि मतदानाच्या दिवशी पहिल्या मतदान अधिकाऱ्यापुढे धरते. तो बाहेरगावचा मास्तर. चिठ्ठी उलटी धरून तो मोठ्यानं वाचतो, "उद्या सात वाजता पाण्याच्या टाकीमागे." खोलीत दोन्ही पॅनलचे प्रतिनिधी बसलेले, दारात पोलीस. आजी म्हणणार, "मी कायले जाऊ बाप्पा टाकीमांगं? माहे टोंगये दुखतेत."

तेव्हा चिठ्ठ्या-बिठ्ठ्या नको. खरी जागा त्याच खोलीत आहे. मतदान प्रतिनिधी व्हा. ती एका पॅनलची, तुम्ही दुसऱ्याचे, दोघं एकाच प्रभागातले असलात की काम फत्ते. सकाळी 7.30 ते संध्याकाळी 5.30, म्हणजे दहा तास सरकार तुम्हाला शेजारी बसवतं, वर पोलीस पहारा देतं, आणि दोघांपैकी कुणाचा बाप आत येऊ शकत नाही. मत द्यायला येईल, पण शाई लागली की बाहेर. असा बंदोबस्त पैसे देऊन मिळायचा नाही. गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या प्रेमिकांवर मात्र अन्याय आहे. तिकडं नक्षलवादामुळे मतदान दुपारी 3 लाच आटोपतं, साडेसात तासांत काय बोलून होणार? त्यांना त्याची भरपाई झाडीपट्टीत मिळते. दिवाळी झाली की दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. वडशाहून नाटक मंडळी येते, पडदा उघडायला दहा-अकरा वाजतात आणि नाटक तांबडं फुटेपर्यंत चालतं.

खोलीचा अंदाज आधीच घ्या. पहिली-दुसरीचा वर्ग असतो, भिंतीवर अ अननसाचा. बाक लेकरांच्या मापाचे, त्यामुळे टोंगळे हनुवटीला लागतात आणि माणूस मुळात असतो त्यापेक्षा निरागस दिसतो. याचा फायदा घ्या. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. यादी आणि पेन जवळ हवा. पेन मुद्दाम विसरून जा. ती तिच्याजवळचा दुसरा देईल आणि म्हणेल, "वापस द्या बरं. तुमच्या पॅनलनं घेतलेली वस्तू वापस येत नाही."

घाई करू नका, वेळ भरपूर आहे. प्रभागात तीन जागा असल्या की मतदाराला तीन मतं सदस्यांची आणि एक सरपंचाचं, अशी चार बटणं दाबायची असतात. चारही झाल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. म्हातारी माणसं तीन दाबून बाहेर येतात, अधिकारी त्यांना परत आत पाठवतो, ती आतूनच विचारतात, "आता कोणाले देऊ?" आणि दोन्ही प्रतिनिधींना एकाच वेळी छताकडे पाहावं लागतं. प्रेम जमायला एकत्र छताकडे पाहणं फार उपयोगी पडतं. एकदा तरी ती यादीवरून मान वर न करता विचारेल, "तुमचे आबाजी सकाळीच मत देऊन गेले म्हणे? त्यांच्या तेरवीची बुंदी तं आमी खाल्ली होती." इथं वाद घालू नका. नाव खोडा, चूक कबूल करा. तुमच्या पॅनलचं एक मत जाईल, पण त्या बाकावर तुमची पत वाढेल.

आता निकाल. इथं बहुतेक पोरं चुकतात, कारण ती आपल्या पॅनलच्या विजयासाठी नवस बोलतात. नऊच्या नऊ जागा आणि सरपंच तुमच्याकडे आला तर तिच्या बापाला पाच वर्षं तुमचं तोंड पाहायची इच्छा राहणार नाही. सगळं तिच्याकडे गेलं तर तुमची गरज कोणाला? नवस बोलायचाच तर असा बोला: सरपंच तिची आई होऊ दे, आणि नऊपैकी सहा सदस्य आपले येऊ दे.

असा निकाल लागला की गाव बरोबर मध्यभागी अडकतं. मासिक सभेत ठराव मांडणार सरपंच, पाडणार तुम्ही. वित्त आयोगाचा पैसा सोडायचा तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. (2024 पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं आहे, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं.) सहीचा डोंगल असतो बाईच्या नावाचा आणि राहतो सरपंचपतीच्या शर्टाच्या खिशात, खर्ऱ्याच्या पुडीशेजारी. सरपंचाला हटवावं म्हणाल तर तेही जमत नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, आणि पुढं आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात. तुमच्याकडे सहा, तेवढे पुरत नाहीत. सातवा फोडावा म्हणाल, तर तो तिचा मामा आहे.

ग्रामसभेतून मार्ग काढू म्हणतील. तिथं मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी संख्या हजर लागते. पहिल्या सभेला निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून तिला दोन्हीकडचे मोजून तेवढे येतात जेवढे भांडायला पुरतात.

या काळात तिचा एक फोन येईल. "खर्चाचा हिशोब दिला का? निकालापासून 30 दिवस असतात. नाही दिला तर तुमच्या काकू अपात्र होतील." विरोधी पॅनलच्या पोरीनं तुमची सीट वाचवायला फोन केला, याहून उघड कबुलीची वाट पाहत बसाल तर तुमच्यासारखा येडा तुम्हीच.

चार-सहा महिने जाऊ द्या. नालीचं काम झालेलं, बिल अडकलेलं. मग गावात तो माणूस हलतो ज्याच्या खिशाला झळ बसली आहे: ठेकेदार. मध्यस्थाचं काम यानंच करावं. बायका-मावश्यांच्या मध्यस्थीत भावना येतात, ठेकेदाराच्या मध्यस्थीत फक्त थकलेली रक्कम असते आणि म्हणून ती टिकते. तो आधी तुमच्या बापाकडे येईल, मग तिच्या. दोघांनाही एकच वाक्य म्हणेल, "भाऊ, पोट्टे तयार हायेत, आता तुमीच कायले ताणून धरता?" तुम्ही तयार आहात हे त्याला कोणी सांगितलं, असं विचारू नका. तिनं सांगितलं आहे.

बैठकीत तोंड उघडू नका, तिच्या बापाला काकाजी म्हणा आणि पाणी द्या. नजर त्यांच्या हातावर ठेवा. खर्ऱ्याची पन्नी निघेल, सुपारी-तंबाखूवर चुना पडेल, आणि ते बोलता बोलता तळहातावर घोटत राहतील. बंदी असलेल्या मालाकडे इतक्या आशेनं आजवर कोणी पाहिलं नसेल. घोटून झाल्यावर पन्नी तुमच्या बापापुढं सरकली आणि त्यांनी चिमूट उचलली, की साक्षगंधाची तारीख काढायला हरकत नाही. आपल्याच खिशात गेली, तर उठा आणि पुढच्या सोडतीची वाट पाहा.

लग्नाचं फार सांगण्यासारखं नाही. पत्रिकेवर आजी-माजी आमदारांची नावं एका ओळीत घाला, वर-खाली केलीत तर दोन्ही पॅनल पुन्हा फुटतात. शंभर पानांना दहा किलो तांदूळ आणि चार-पाच किलो तुरीची डाळ पुरते. वांगे-आलूच्या भाजीला तर्री हवी, नाहीतर पुढच्या निवडणुकीत ती भाजी मुद्दा होते. पंगतीत दोन्हीकडचे मिसळून बसवा. नालीचं बिल अक्षतांच्या आधी निघालं का नंतर, याची चौकशी नवरदेवानं करू नये.

नोंदणी ग्रामपंचायतीतच होते, नमुना ड भरायचा. साक्षीदारांच्या रकान्यात दोघांच्या बापांच्या सह्या एकाखाली एक येतील, आणि पाच वर्षांतला तो पहिला कागद असेल ज्यावर कोणी हरकत घेतली नाही.

पुढच्या खेपेला पद पुन्हा महिलेला सुटलं, तर दोन्ही पॅनल तिच्याकडे तिकीट घेऊन येतील. ती दोघांनाही चहा पाजून वाटेला लावील आणि तिसरं पॅनल टाकील. सूचक म्हणून तुमची सही मागेल. तहसीलला जाताना पेन स्वतःचा न्या. मागचा अजून वापस दिलेला नाही, हे तिच्या लक्षात आहे.