सुरुवातीच्या खर्चाचं कोण बघणार?

दिव्यांग व्यक्तीच्या घरी मदतीची व्यवस्था लावून देण्यासाठी एकरकमी निधी द्यावा, ही लेखातली मागणी मला शंभर टक्के पटते. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला निघतात आणि अंथरुणावरचं लेकरू म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर राहतं. तिला ते उचलवत नाही, संडासला नेणं तर लांबच. अशा घरात दरमहाचं अनुदान औषधपाण्यातच जातं. कमोड, दारातला उतार, धरायला दांडी, गावातल्याच एखाद्या बाईला शिकवून तिचा पहिल्या दोन-तीन महिन्यांचा पगार, हे सगळं एकदमच लागतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी कलम ३८ आहे, काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. पण दुष्काळी गावाची घरपट्टीच वसूल होत नाही, मग त्या ५ टक्क्यांत येणार किती? म्हणून हा पैसा राज्यानंच द्यावा. आणि कुणाला कामावर ठेवायचं ते त्या घरानं ठरवावं, ठेकेदारानं नाही.