घाट लागायच्या आधीच दम कसा लावून घ्यावा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलंत? अभिनंदन, तयारीतला सगळ्यात कष्टाचा टप्पा पार पडला. पैसे भरले, स्क्रीनशॉट चार ग्रुपांवर टाकला, ‘भारी रे!’ असे प्रतिसादही आले. आता लगेच धावायला लागून हा आनंद नासवू नका.

त्याऐवजी खरेदीला लागा. घड्याळ असं घ्या, की ते नाडीपासून झोपेपर्यंत सगळं मोजेल. झोप मोजण्यापुरता त्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून सुरू होतो. बूट मात्र आणून खोक्यातच ठेवा आणि थेट स्पर्धेच्या पहाटे काढा. नवेपणाचा मान असतो, आणि टाचेवरच्या फोडालाही कुठेतरी सुरुवात करावी लागतेच.

सरावाचं गणित सोपं आहे. एकूण अंतर २१.१ किलोमीटर. त्यातलं निम्मं यवतेश्वरच्या घाटाने वर जायचं आणि उरलेलं त्याच रस्त्याने खाली यायचं. म्हणजे निम्मी स्पर्धा उताराची, आणि उतारावर काय, गोटासुद्धा पळतो. तेवढा सराव वजा करून टाका. क्रीडावैद्यकातली माणसं सांगत बसतात, की उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, म्हणून चढापेक्षा उतारच त्याला जास्त झोडपतो. आधी थोडाथोडा उतार सरावात घेतला तर तोच स्नायू पुढच्या वेळी कमी कुरकुरतो, असंही म्हणतात. स्नायूंचे एवढे लाड कशाला?

तरीही कधीतरी धावावंसं वाटलं, तर जीव खाऊन धावा. मुरलेले धावक आठवड्यातलं बहुतेक अंतर गप्पा मारता येतील इतक्या सावकाश कापतात. तुम्हाला हे परवडणार नाही. पुण्यात तळजाईच्या टेकडीवर ओळखीची माणसं भेटतात, त्यांच्यादेखत रमतगमत धावायचं म्हणजे काय? कोणी दिसलं की वेग वाढवा, वळणाआड गेलं की झाडाला धरून उभे राहा. गप्पा मारण्याची हौस असेल तर त्या नंतर चहाच्या टपरीवर होतातच.

असे महिने निघून जातील आणि स्पर्धा पंधरा दिवसांवर येईल. आता मात्र उठा. सरावाचा फायदा अंगी लागायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर कमी करत न्यायचं, अशी एक रीत आहे. पण ती ज्यांच्याकडे कमी करण्याजोगं काही असतं, त्यांच्यासाठी. तुम्ही या पंधरवड्यात आधीच्या सगळ्या महिन्यांची थकबाकी फेडा. रविवारी सिंहगड, बुधवारी बोपदेव घाट, शुक्रवारी गुडघ्याला बर्फ.

आदल्या दिवशी साताऱ्यात पोचल्यावर आहाराकडे लक्ष द्या. कार्बोहायड्रेटचा साठा करायचा, एवढं तुम्ही कुठेतरी वाचलेलं आहेच. शरीरात ग्लायकोजेन, म्हणजे कार्बोहायड्रेटचं साठवलेलं रूप, साधारण चार-पाचशे ग्रॅमच मावतं, ही बारीकसारीक माहिती कंदी पेढ्यांच्या दुकानात आठवायची नसते. जे मावणार नाही ते घाटात तुमच्यासोबत येईलच.

आणि मग ती सकाळ. ढोल वाजताहेत, सातारकर रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या देताहेत, पोरं हात पुढे करताहेत. जोर लावायचा तो इथेच! घाटात बघायला कोण येणार आहे? १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे पूर्ण मॅरेथॉनचं अंतर, ४२.१९५ किलोमीटर, १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला. त्याचा जवळजवळ प्रत्येक किलोमीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आसपास होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चाल; किती कंटाळवाणा माणूस! तुमच्या धावण्यात विविधता हवी. गावातले किलोमीटर हरणासारखे काढा. घाटाचं पहिलं वळण येईपर्यंत श्वास संपला की समजा, सगळं ठरल्यासारखं चाललंय.

तिथे साठीच्या एक काकू तुम्हाला गाठतील. पावलं आखूड, मान खाली, वेग अगदीच बेताचा, आणि शेजारणीशी सुनेच्या नोकरीबद्दल बोलणं चाललेलं. त्यांना पुढे जाऊ देणं हा कमीपणा आहे. शंभर मीटर झेपावून त्यांना मागे टाका, मग कठड्याला टेका. त्या येतील, पुन्हा झेपावा. तिसऱ्या खेपेला त्या स्वतःच विचारतील, ‘बाळा, पाणी हवंय का?’ घ्या. पाण्याचं नियोजन तुम्ही केलेलंच नाही.

परतीच्या वाटेबद्दल फार काही सांगायला नको. मांड्या स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ लागतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोचतं, तेव्हा सोमवारी ऑफिसात कोपऱ्यातली खुर्ची धरा आणि जिना उलटा उतरा. मेडल गळ्यात असू द्या. वेळ कोणी विचारलीच, तर आधी हवेतल्या दमटपणाचं सांगा, मग घड्याळात अंतर २१.४ आलं हे दाखवा, आणि तरीही समोरचा हलला नाही तर आवाज खाली आणून म्हणा, ‘यंदा उतार जरा चढाचाच होता.’