मनात आणलं की घडतं? विज्ञान असं म्हणत नाही

‘तुम्ही जे मनापासून मानता तेच घडतं, आणि हे विज्ञानानं सिद्ध केलंय’ असा मजकूर सध्या खूप फिरतोय. त्यात आधार दिलाय तो स्वतःलाच खरं करणाऱ्या भाकिताचा, म्हणजे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या कल्पनेचा. जोडीला शाळेतला एक गाजलेला प्रयोग आहे आणि ‘वाईट विचार कराल तर वाईटच होईल’ असा इशाराही.

मर्टन यांनी १९४८ च्या लेखात बँकेचं उदाहरण दिलं होतं. बँक धडधाकट असते. ती बुडणार अशी अफवा उठते, ठेवीदार पैसे काढायला धावतात आणि बँक खरोखर बुडते. तेच ठेवीदार घरी बसून नुसती काळजी करत राहिले असते, तर तिचं काहीही बिघडलं नसतं. चुकीच्या समजुतीनं माणसांचं वागणं बदलतं आणि ते वागणं समजुतीला खरं करतं. या मजकुरातून नेमकं वागणंच गाळलंय.

शाळेच्या प्रयोगाचा तर अर्थच उलटा लावलाय. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथाल आणि शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये तो प्रसिद्ध केला. काही मुलं कुठलाही निकष न लावता निवडली आणि ‘ही पुढे चमकतील’ असं शिक्षकांना सांगितलं. पहिली-दुसरीतल्या अशा मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जास्त वाढला. वरच्या वर्गांत फारसा फरक दिसला नाही. पण मुलांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं! विश्वास होता शिक्षकांचा, फायदा झाला मुलांचा. म्हणजे ज्याच्या हाती शिकवणं, निवडणं, संधी देणं आहे, त्याची अपेक्षा दुसऱ्याचं आयुष्य वळवू शकते. शिवाय पुढच्या संशोधनात हा परिणाम बहुतेकदा लहानच आढळला.

स्वतःबद्दलच्या आशेचं काय? ती निरुपयोगी नाही. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या २००२ च्या अभ्यासात, नोकरी मिळेल अशी खात्री असलेले पदवीधर पुढे नोकरी मिळवण्यात सरस ठरले. मात्र यशाची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्यांनी अर्ज कमी केले आणि त्यांना नोकऱ्याही कमी मिळाल्या.

राहिला तो इशारा, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. अफवेनं बँक बुडते, कारण बँक माणसांच्या वागण्यावर उभी असते. गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे तपासणीआधीच्या भीतीनं ठरत नाही. कृपा करून हा मजकूर कुठल्याही रुग्णाला पाठवू नका.