आधी ते ब्लेड खाली ठेवा

आज संध्याकाळी मावसभावाचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेले. उद्या सकाळी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन. डबा उघडतेय तोच वॉर्डबॉय आला, हातात दाढीचं ब्लेड. "चला, तयारी करून घेऊ." माझ्या काळजात धस्स झालं.

बाबांचंही हर्नियाचंच होतं. आदल्या रात्री असंच कुणीतरी खसाखसा ब्लेड फिरवून गेलं. सकाळी बाबांनी लेंगा सरकवून आईला दाखवलं, जांघेत लाल ठिपके, मुंग्या चावल्यासारखे. पाचव्या दिवशी टाक्यांतून पू आला.

अरे, कातडीवर जंतू असतातच! ब्लेडनं बारीक बारीक चिरा पडतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. रात्रभर जंतू तिथे वाढतात आणि सकाळी त्याच जागेवर सुरी चालते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ सालीच स्पष्ट सांगितलंय की ऑपरेशनआधी ब्लेड लावूच नका. केस मध्ये येत असतील तरच काढा, तेही क्लिपरनं, म्हणजे कातडीला न लागता केस कापणाऱ्या मशीननं. केस राहिले म्हणून जखम पिकत नाही हो!

१८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टर या सर्जननं एका अकरा वर्षांच्या पोराच्या मोडलेल्या पायाची जखम जंतू मारणाऱ्या कार्बोलिक ॲसिडच्या पट्टीनं झाकली, पाय वाचला. तेव्हापासून किती शिकलो आपण. अवजारं १२१ अंशांच्या वाफेत घालतात, डॉक्टर कोपरापर्यंत हात घासतात. आणि त्याआधी आपणच पेशंटच्या अंगावर जंतूंना दारं उघडून ठेवायची?

बाबांना शुगर होती, त्यानंही जखम चिघळते, मान्य. सगळं नीट करूनही कुणाकुणाला पू होतो, तेही मान्य. पण म्हणून हातातलं करायचं नाही? चाळीस दिवस आईनं ड्रेसिंगला रिक्षा केली. रोज ते पिवळं गॉज ओढून निघताना बाबा माझं मनगट धरायचे. शेवटी हर्नियासाठी आत बसवलेली जाळीसुद्धा काढावी लागली.

तर आज मी ओरडले. अख्खा वॉर्ड बघत होता. सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडे असंच करतात." मी म्हटलं, डॉक्टरांना फोन लावा. लावला. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, सकाळी ऑपरेशन थिएटरात नेण्याआधी क्लिपरनं करू. म्हणजे क्लिपर आहे! मग कपाटात कशाला ठेवलाय?

घरी आल्यावर मात्र त्या वॉर्डबॉयचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. विशीतला असेल. त्याला जे दाखवलं तेच तो करणार, त्याच्यावर कशाला आवाज चढवला मी? निघताना जिन्यात भेटला होता. हळूच म्हणाला, "ताई, यानं खरंच पू होतो?"

तिथेच पायरीवर बसून मी त्याला बाबांच्या त्या लाल ठिपक्यांचं सगळं सांगितलं.