लक्ष्मीचं नाव सातबाऱ्यावर आहे का?

दिवाळीपासून एक मेसेज फिरतोय. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तीनदा आला, सोसायटीच्या ग्रुपवर एकदा, आणि परवा दवाखान्यात शेजारी बसलेल्या काकूंनी मोबाईल पुढे करून वाचायलाच लावला. मजकूर थोडक्यात असा: आपल्या धर्मात बाई म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मीला घराबाहेर राबायला धर्माने कधी लावलं नाही. बाईने पुढारी व्हावं हे परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांचं खूळ. मुसलमानांच्या गरीब देशांत बाई कोंडलेली आहे, कारण त्यांचा धर्मच तसा. आणि आरक्षण देऊन काय मिळवलं? सरपंच बाई, कारभार नवऱ्याचा. खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

दहा जणांना नाही पाठवला. उत्तर लिहायला बसले.

लक्ष्मी राबत नाही म्हणणाऱ्याने डिसेंबरात सकाळी सातला नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या रस्त्यावर येऊन उभं राहावं. पेठ-सुरगाण्याकडून जीपगाड्या येतात, आत बायका खच्चून भरलेल्या. द्राक्षाच्या विरळणीला निघालेल्या. एका वर्षी मावशीच्या बागेत मजूर कमी पडले म्हणून मीही कात्री घेऊन उभी राहिले. मांडवाखाली मान वर, हात वर, घडातले जादा मणी एकेक करून कापायचे, आणि कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागता कामा नये. दुपारी भाकरीचा तुकडा तोंडाशी नेताना माझा हात थरथरत होता. पलीकडच्या ओळीतली म्हातारी, साठी उलटलेली, स्वतःची ओळ संपवून माझ्या ओळीत शिरली आणि काही न बोलता निम्मे घड करून गेली. इतकी वर्षं या भागात राहते, पण ‘बाई, तू लक्ष्मी, घरी जा’ असं म्हणणारा बागायतदार मला भेटलेला नाही. उद्या येताना आणखी दोघी घेऊन ये, असंच म्हणतात. रोजंदारी मात्र गड्यापेक्षा कमी. तिथे कुणाला लक्ष्मी आठवत नाही.

नेतृत्व परदेशातून आलं म्हणता? चांदवडचा रंगमहाल कुणी बघितलाय का? होळकरांचा वाडा आहे तो, आणि गावच्या रेणुकामातेच्या देवळाशीही अहिल्याबाईंचंच नाव जोडलेलं आहे. काशी विश्वनाथाचं देऊळ १७८० साली त्यांनीच पुन्हा उभं केलं. देवळं आणि घाट बांधण्यात त्यांची बरोबरी करणारा पुरुष राज्यकर्ता शोधून दाखवा. आता गंमत बघा. १७५४ मध्ये त्यांचे पती खंडेराव लढाईत पडले तेव्हा अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, आणि मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. म्हणजे एकाच घरात, एकाच धर्मात दोन्ही वाटा होत्या. सासऱ्याला कारभारासाठी सून हवी होती, म्हणून दुसरी वाट निघाली. मुक्ताबाईला चांगदेवांनी गुरू मानलं, हेही याच धर्मातलं.

आणि गाभाऱ्याचं दार याच धर्माने लावलं, हेही लपवून चालणार नाही. त्र्यंबकेश्वरी पुरुष सोवळं नेसून गाभाऱ्यात जायचे, बायकांना मनाई. १ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याचा आधार देऊन सांगितलं की पुरुष जातो तिथे बाईला अडवता येणार नाही. त्यावर पहिलं उत्तर काय मिळालं? पुरुषांनाही गाभारा बंद! माझी एक मैत्रीण यावरूनच ग्रुपवर तावातावाने म्हणाली, ‘धर्म हेच सगळ्याचं मूळ, तोच गेला पाहिजे.’ मला तेही पटत नाही. दार देवाने लावलेलं असतं तर ते कायद्याच्या एका कलमाने किलकिलं झालं नसतं.

आता मुसलमानांचा मुद्दा. स्वतःच्या धर्माने बाईला घरात ठेवलं की तो मान, आणि दुसऱ्याच्या धर्माने ठेवलं की कोंडमारा, हे गणित मला जुळत नाही. बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांत सुमारे ४० लाख कामगार आहेत, त्यात बायका निम्म्याहून जास्त. पाकिस्तानात बेनझीर भुट्टो १९८८ ला पंतप्रधान झाल्या, बांगलादेशात खालिदा झिया १९९१ ला आणि शेख हसीना १९९६ ला. घराण्यामुळे झाल्या, कबूल. आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? कारखान्यात गेली म्हणजे बाई सुटली, असंही मी म्हणत नाही. २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळला तेव्हा ११०० हून जास्त कामगार गेले.

उलट आपल्याच देशात बघा. सरकारच्या २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीत बिहारमध्ये १५ वर्षांवरच्या शंभर बायकांत पाचसुद्धा काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या नव्हत्या, हिमाचलमध्ये जवळपास निम्म्या होत्या. दोन्हीकडे बहुसंख्य हिंदूच. देशाचा आकडा तेव्हा २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. सहा वर्षांत पोथी काही बदलली नव्हती.

सरपंचपतीचा मुद्दा मात्र खरा आहे. ग्रामपंचायतीत बाईंच्या खुर्चीत पाय पसरून बसलेले साहेब मीही पाहिलेत. पण दुसऱ्याच्या खुर्चीत नवरा घुसला तर उठवायचं कुणाला, खुर्चीच्या मालकिणीला? महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. आणि पश्चिम बंगालमधल्या पंचायतींचा अभ्यास सांगतो की प्रमुख बाई असली की पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च होतो. हंडा कोण वाहतं, हे माहीत असल्याचा परिणाम.

मेसेजमधल्या लक्ष्मीकडे परत येते. १९८६ च्या नोव्हेंबरात याच चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखोंनी बायका आल्या. पुढे संघटनेने मोहीम काढली, तिचं नाव ‘लक्ष्मीमुक्ती’. लक्ष्मीची पूजा पुरे, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा, असं शेतकऱ्यांनाच सांगितलं, आणि कित्येकांनी केलाही. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी बायकांची जेमतेम १४ टक्के.

हे कसं होतं ते मी जवळून पाहिलंय. ज्या मामेभावाने हा मेसेज पहिल्यांदा ग्रुपवर टाकला, त्याच्या दोन्ही बहिणींच्या हक्कसोडपत्राच्या वेळी मी सोबत होते. धाकटी सही करताना थांबली, तर मामी म्हणाल्या, ‘माहेर तुटेल गं, आपल्यात असं नसतं.’ आपल्यात म्हणजे कुठल्या ग्रंथात, ते कुणी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर भावाने दोघींना साड्या दिल्या, एकाच रंगाच्या. थोरलीने तिथेच पिशवीतून काढून किमतीची चिठ्ठी बघितली आणि साडी परत आत ठेवली.