दगडाच्या बदल्यात दगड

कुरिअरच्या काउंटरवर "आत काय आहे?" असं विचारल्यावर आपसांत अदलाबदल करायला नमुना पाठवणाऱ्या दगडवेड्याने काय सांगावं, यावर आमच्या मंडळींत अजून एकमत नाही. "दगड" म्हटलं की समोरचा मुलगा हसतो आणि खोकं उघडायला लावतो. "खनिजांचे नमुने" म्हटलं की तो आतून साहेबांना बोलावतो. "शोभेची वस्तू" हे त्यातल्या त्यात बरं, पण तेही खोकं काट्यावर चढेपर्यंतच. आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, घनसेंटिमीटरला जवळपास तीन ग्रॅम भरतो. म्हणजे दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा तीन किलोच्या घरात. एवढी जड शोभा कुणाच्या घरी असते?

म्हणून पाठवण्याआधी नमुन्यामागचा फालतू कातळ काढून टाकावा. हातोडीने नव्हे. घाव मागे बसतो आणि स्फटिक पुढून गळतात. हिऱ्याच्या पात्याने, पाण्याची धार सोडून, सावकाश कापावं. कोरडं कापलं तर ती बारीक धूळ थेट फुप्फुसात जाते, आणि तिची देवाणघेवाण कुणालाच नको आहे.

दख्खनच्या लाव्ह्यात साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या सोडल्या. त्यांत पुढे सावकाश स्फटिक भरले. जळगाव, नाशिक, पुणे, राहुरी अशा ठिकाणी खडीच्या खाणींत किंवा विहीर खणताना ते सापडतात आणि जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसतात. मात्र जगभर जायचं म्हणून ते घडलेले नाहीत. त्यांतलं स्कोलेसाइट हे खनिज म्हणजे नुसत्या सुया. त्याला मायेने कापसात गुंडाळणारा माणूस छंदात नवा आहे, हे खोकं उघडताच कळतं. तंतू सुयांत अडकतात आणि कापूस काढताना सुयाही निघतात. ओकेनाइटचा गोळा तर पांढऱ्याशुभ्र केसांचा. त्याला कागद, फुगेवालं प्लास्टिक, बोट, काहीही लागता कामा नये. कातळाचा तळ छोट्या डबीच्या बुडाशी पक्का चिकटवायचा, वर सगळी मोकळी हवा ठेवायची आणि झाकण लावायचं. ती डबी मोठ्या खोक्यात ठेवून सहाही बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर चुरगळलेला कागद भरायचा. मग खोकं कानाशी धरून हलवायचं. आत काहीही बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. (पोहोचल्यावर ओकेनाइटवरची धूळ फडक्याने झटकणारी व्यक्ती प्रत्येक घरात असते. त्यावर पॅकिंगमध्ये उपाय नाही.)

लॉमोंटाइट हा त्याहून मानी दगड. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडून जातं आणि स्फटिकाचा भुगा होतो. त्यामुळे पाठवणाऱ्याने खडा पाठवलेला असतो, घेणाऱ्याला पीठ मिळतं, आणि दोघेही खरं बोलत असतात.

पण दगड शाबूत पोहोचला तरी खरा घोळ नमुन्यासोबतच्या माहितीच्या चिठ्ठीत असतो. चिठ्ठीशिवाय नमुना म्हणजे निव्वळ धोंडा, हे माझं ठाम मत. खनिजाचं नाव चुकलं तर पुढे कुणीतरी दुरुस्त करील, पण कुठे निघाला हे एकदा हरवलं की ते दगडाकडे बघून परत मिळत नाही. खाण, गाव, तालुका, जिल्हा, कधी मिळाला, कुणाकडून आला, हे सगळं लिहायचं. प्रत्यक्षात बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच शब्द असतो: "जळगाव". जळगावात निघालेलं जळगावचं, नाशिकचं जळगावचं, आणि विकणाऱ्याला आठवत नसेल तेही जळगावचंच. पुण्याजवळच्या वाघोलीचं कॅव्हन्साइट हे निळं खनिज तेवढं यातून वाचतं, कारण त्याचा पत्ता रंगावरूनच सगळ्यांना पाठ असतो. जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी फेकू नये, नवी तिच्यासोबत ठेवावी. दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने नंबर घालावा, कारण चिठ्ठी आणि दगड यांचा संसार फार टिकत नाही.

मग येते परतफेड. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम आमच्यातही चालतो, फक्त डबा चार किलोंचा होतो. तुम्ही तळहाताएवढं हिरवं अपोफिलाइट पाठवा, उलट टपाली "पॉलिशला उपयोगी पडतील" म्हणून पिशवीभर मिश्र खडे येतात. आणि त्यासोबत एक गोल गोटा, "डायनासोरचं अंडं आहे का बघा" असा. तो अकीकाचा गोळा असतो, नाहीतर कांद्यासारख्या पापुद्र्यांनी झिजलेला कातळ. दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे उल्का. "लोहचुंबकाला चिकटते हो!" चिकटणारच, आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढलं जाणारं लोहखनिज असतं. दगडाला भोकं दिसली तर आशा सोडावी, उल्केत बुडबुड्यांची भोकं सहसा नसतात. हे कितीही गोड शब्दांत कळवलं तरी पुढचे काही महिने त्या घरून पार्सल येत नाही. काही जण यालाच उल्केचा खरा फायदा मानतात.

त्या मिश्र खड्यांचं काय करायचं? खडे घासून गुळगुळीत करणाऱ्या फिरत्या ड्रममध्ये ते सरळ टाकायचे नाहीत. आधी चाकूच्या टोकाने ओरखडा काढून बघायचा. कठीणपणाच्या एक ते दहा मोजपट्टीवर क्वार्ट्झ आणि अकीक सातच्या आसपास, त्यांच्यावर पोलाद चालत नाही. कॅल्साइट तीन, लगेच ओरखडतं, आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतं. दोन्ही एकत्र फिरवले तर आठवड्याने अकीक तसाच असतो आणि कॅल्साइटचं ताक झालेलं असतं. दीड किलोच्या ड्रमला दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरतील इतके खडे, साठ-नव्वद नंबरची (म्हणजे जाड्या कणांची) सिलिकॉन कार्बाइडची घासायची भरड चार मोठे चमचे, आणि वरच्या थराच्या बुडापर्यंत पाणी. सात दिवस, रात्रंदिवस. ड्रम कमी भरला तर खडे आदळून फुटतात, जास्त भरला तर हलतच नाहीत. पुढे बारीक, अतिबारीक आणि शेवटी पॉलिशची पूड. दर टप्प्याला खडे, ड्रम, झाकण, झाकणाची खाच सगळं ब्रशने धुवायचं. भरडीचा एक कण जरी पॉलिशमध्ये गेला तरी महिनाभराची मेहनत चरे पाडून घेते. सच्छिद्र खडे तर भोकांत भरड लपवूनच पुढे जातात, ते आधीच वेगळे काढावेत.

आणि उरलेला राखाडी चिखल मोरीत ओतायचा नाही. तो पाइपात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत निवळू द्यायचा, वरचं पाणी काढायचं, गाळ वाळवून कचऱ्यात टाकायचा. ही गोष्ट घरातल्यांना आधी सांगावी. नंतर ती प्लंबरच सांगतो, आणि तेव्हा ऐकायला सगळी सोसायटी जमलेली असते.